मर्यादेच्या आतला लाडू

ठक्… ठक्… ठक्…

शहाबादी फरशीवर टेकणाऱ्या लाकडी कुबडीचा हा आवाज डॉक्टर हेरंब टिपणीस यांनी फार लहानपणी ऐकला होता. पुढे ते पुष्कळ शिकले, परदेशी जाऊन आले, मोठमोठ्या सभांतून बोलले. पण तो आवाज कानातून गेला नाही. त्याविषयी ते कुणाशी बोलत नसत. तेव्हा आपणही तूर्त त्याविषयी बोलू नये.

"मग हे तुमचं यंत्र वाजतंय कशाला?"

बापू कोष्ट्याने विचारलं. आंबेटाकळीच्या मठात सभा भरली होती, आणि बापू नेहमीप्रमाणे खांबाला टेकून उभा होता.

मठाच्या मागे नवं इस्पितळ झालं होतं. तिथे कॅन्सरला किरणांचा शेक देणारं यंत्र येणार, असा फलक लागला, आणि गावात घबराट पसरली. लोकांच्या मनातली भीती काढायला इस्पितळाने शहरातून तज्ज्ञ बोलावले. ते हे टिपणीस. हे गोळ्या देणारे डॉक्टर नव्हेत. किरणांपासून माणसाने कसं सांभाळून राहावं, त्या विद्येचे डॉक्टर. त्यांच्या हातात एक लहानसं यंत्र होतं. किरण आला की ते टक् करून वाजायचं.

"वाजणारच," टिपणीस म्हणाले. "थोडे किरण सगळीकडे असतात. मातीत असतात, दगडात असतात, आकाशातून येतात."

त्यांनी यंत्र भिंतीजवळ नेलं.

टक्… टक्…

"पाहिलंत? भिंतीपाशीसुद्धा वाजतं."

 मग मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई! भिंतीतपण शिरलं!"

भिंतीला टेकून बसलेले सगळे पुढे सरकले.

टिपणिसांनी डोळे मिटले, उघडले, आणि पुन्हा पहिल्यापासून समजावलं. माणूस खरा होता. खोटं बोलत नव्हता, वाढवून सांगत नव्हता, आणि त्याला सगळं येत होतं. फक्त येत होतं म्हणून तो जरा ताठ होता.

"साहेब, फलक लागल्यापासून आमची म्हैस कमी दूध देते."

"शेकाचं यंत्र अजून खोक्यात आहे हो! जोडलेलंसुद्धा नाही."

"तिला काय ठाऊक ते?"

"साहेब, किती किरण अंगावर घेतले तर चालतं?"

टिपणिसांनी आकडा सांगितला. मर्यादा सांगितली. त्या मर्यादेच्या किती खाली आपण आहोत, तेही सांगितलं.

"ही मर्यादा ठरवली कुणी?" बापूने विचारलं.

"तज्ज्ञांनी."

"आणि तज्ज्ञ कुणी ठरवले?"

टिपणीस पाणी प्यायले.

मठाचे भिकोबा महाराज ओट्यावर बसून हे ऐकत होते. अंगावर घोंगडी, मांडीवर मांजर. सभा सुरू झाल्यापासून ते एक अक्षर बोलले नव्हते. दुपारी सभा जेवणापुरती थांबली, तेव्हा त्यांनी टिपणिसांना आपल्या पंगतीला बसवून आमटी-भात वाढला होता, आणि तेव्हाही फक्त "आणखी घ्या" एवढंच म्हणाले होते.

"महाराज, तुम्हीच सांगा यांना," टिपणीस शेवटी म्हणाले. "तुमचं ऐकतात. मी पुराव्यानिशी बोलतोय, तरी एकाला पटत नाही."

महाराज मांजराच्या कानामागे खाजवत राहिले…

"आक्का, तुझं काय ते विचार," ते म्हणाले.

मधल्या रांगेतून तानूआक्का उठली. साठी उलटलेली, हाडकुळी बाई. डोईवरचे केस नुकते पुन्हा यायला लागले होते, म्हणून पदर घट्ट ओढून घेतला होता. छातीतल्या गाठीसाठी तिने शहरात आधी केस घालवणारी औषधं आणि मग शेक घेतला होता. गाठ गेली. शहरातल्या डॉक्टरांनी पाठ थोपटून घरी पाठवलं.

घरी आली, तर तिचं ताट वेगळं, पेला वेगळा. आणि नात… नातीला तिने अजून हातात घेतलं नव्हतं. ती शहरात असतानाच पोर जन्माला आली होती.

यात सून वाईट नव्हती. शोभाची आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. आता तिसऱ्या वेळी पदरात पडलेलं लेकरू ती वाऱ्यालासुद्धा देत नव्हती. सभेतही ती चपलांजवळ, दाराशी उभी होती. कुशीत पोर, आणि सासूपासून होता होईल तेवढी लांब.

"मला विचारायचंय," आक्का म्हणाली, "माझ्यातून अजून किरण येतात का?"

 म्हैस, मर्यादा, भिंत, सगळं मागे पडलं. सगळ्यांना खरं हेच ऐकायचं होतं. आणि दाराशी उभ्या शोभाने पोर ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

टिपणिसांचा चेहरा खुलला. ह्या प्रश्नाचं उत्तर अगदी स्वच्छ होतं.

"मुळीच नाही, आजी. दिवा मालवला की खोलीत उजेड उरतो का? तसंच. बाहेरून दिलेला शेक अंगात राहत नाही. तुम्ही कुणालाही जवळ घ्या, कुणालाही वाढा. काहीही होणार नाही."

आक्काने दाराकडे पाहिलं. शोभा जमिनीकडे बघत होती.

"बरं झालं," आक्का म्हणाली. मग खाली वाकून तिने पिशवीतून डबा काढला. "तुम्ही एवढ्या लांबून आलात. रिकाम्या तोंडाने कसे जाणार? मी बेसनाचे लाडू केलेत. माझ्या हातचे."

डबा उघडला. तुपाचा वास सभाभर गेला. पण कुणी हात पुढे केला नाही. जो तो टिपणिसांकडे बघत होता.

आणि टिपणीस म्हणाले, "नको नको. मी खात नाही."

…

"बघा," बापू कोष्टी म्हणाला.

फक्त एवढंच म्हणाला. पण सगळ्या सकाळचे आकडे त्या एका शब्दाखाली गेले.

"अहो, तसं नाही!" टिपणिसांच्या कपाळावर घाम आला. "किरणांचा काही संबंध नाही. मी गोडच खात नाही."

"साखरेचा आजार आहे का?"

आता एखादा 'हो' म्हणून मोकळा झाला असता. पण म्हटलं ना, माणूस खरा होता.

"नाही," टिपणीस म्हणाले.

"मग?"

आक्काच्या हातातला डबा खाली यायला लागला. टिपणिसांनी घाबरून ओट्याकडे पाहिलं. "महाराज, तुम्ही तरी घ्या ना!"

महाराजांनी मांजर खाली ठेवलं. हात लांब केला. सगळ्या माना त्या हाताबरोबर वळल्या. बोटं लाडवापर्यंत पोचली…

आणि मागे आली.

"अरेरे," महाराज म्हणाले. "आज एकादशी."

सभेत कुजबुज झाली. बापूने बोलायला तोंड उघडलं. महाराजांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. बापूने तोंड मिटलं.

"डॉक्टर," महाराज म्हणाले, "सगळ्यांनी विचारलं, माझंच राहिलं. विचारू?"

"विचारा."

"एका लाडवात साखर किती?"

"असेल… दोन-तीन चमचे."

"धडधाकट माणसाला तेवढी चालते?"

"चालते. मर्यादेच्या आत आहे."

"तुम्ही धडधाकट?"

"हो. दर सहा महिन्यांनी रक्त तपासतो. सगळं नॉर्मल."

"मग एका लाडवाने काय होईल?"

"काही नाही."

"मग खा."

टिपणीस घोटाळले. "तसं नव्हे, महाराज… काही होत नाही हे खरं. पण टाळता येण्यासारखं असलं, तर उगाच कशाला…"

आणि ते थांबले.

कारण सगळी सभा माना डोलावत होती. म्हैसवाला, भिंतीपासून सरकलेली म्हातारी, सगळे, अगदी जिव्हाळ्याने.

"आमचंही तेच म्हणणं आहे, साहेब!" बापू म्हणाला. "एवढंच सांगतोय सकाळपासून!"

मठात असा हशा उठला की मांजर पळालं.

टिपणिसांना हसू आलं नाही. त्यांचे कान लाल झाले. "त्यात फरक आहे," ते म्हणाले. "तुम्ही उगाच भिता. मला कारण आहे."

"काय?" महाराजांनी विचारलं.

"माझ्या वडिलांना साखर होती. त्यात त्यांचा पाय… कापावा लागला."

हशा थांबला.

टिपणीस आता सभेकडे बघत नव्हते. मठाच्या फरशीकडे बघत होते. ही फरशीही शहाबादीच होती.

"मी आत झोपलेलो असायचो," ते हळू म्हणाले. "ते उठले की कळायचं. आवाज यायचा. कुबडीचा…"

 हातातलं यंत्र तेवढं वाजलं. टक्…

तानूआक्का रांगेतून बाहेर आली. लोकांनी पाय आखडून वाट दिली. काहींनी जरा जास्तच आखडले. ती टिपणिसांच्या समोर जाऊन खाली बसली.

"कुठला पाय?" तिने विचारलं.

"उजवा."

"तू लहान होतास?"

"हो."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे दोघांनाही कळलं नाही.

"मग मी म्हणते खाऊ नकोस," आक्का म्हणाली. "भ्यायला होतं. मला काय कळत नाही? आमच्या घरीपण भितात. वाईट म्हणून नाही भीत."

दाराशी पोर कुरकुरली. शोभाने तिला थोपटलं, पण हात मध्येच थांबला.

आक्काने डबा मिटायला घेतला. झाकण लावताना तिने वरचा एक लाडू उगाच सारखा केला. ते टिपणिसांनी पाहिलं. त्यांना एकदम कळलं, की हा डबा असाच भरलेला घरी गेला तर त्यातले लाडू कुणी खाणार नाही. मग ते मुंग्यांना जातील, आणि मग ही बाई पुन्हा लाडू करणार नाही.

"आजी, थांबा," ते म्हणाले.

"राहू दे रे."

"अर्धा द्या."

आक्काने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग लाडू काढून मधोमध फोडला. एक अर्धा त्यांच्या हातावर ठेवला, दुसरा आपल्या हातात घेतला.

टिपणीस त्या तुकड्याकडे असे बघत होते, जसं गाव सकाळपासून त्यांच्या यंत्राकडे बघत होतं.

"खा," आक्का गंभीरपणे म्हणाली. "मर्यादेच्या आत आहे."

पुन्हा हशा उठला, पण ह्या वेळी त्यात टिपणीसही होते. हसता हसता त्यांनी तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटून चावला. लाडू बऱ्याच वर्षांनी खाल्लेल्या माणसाचं जे होतं, ते त्यांचं झालं. मिशीला बेसन लागलं, थोडं यंत्रावर सांडलं.

टक्… टक्… टक्…

कुणी तिकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"वेलची आहे," टिपणीस भरल्या तोंडाने म्हणाले.

"जायफळपण आहे," आक्का म्हणाली.

"जायफळ?" बापू खांबापासून सुटला. "बघू." आणि त्याने डब्यात हात घातला. मग भिंतीवाली म्हातारी सरकत आली. म्हैसवाल्याने दोन घेतले. एक म्हशीसाठी, असं म्हणाला.

डबा फिरत फिरत ओट्यापर्यंत गेला. महाराजांनी त्यातून एक लाडू उचलला आणि शांतपणे खायला सुरुवात केली.

टिपणीस बघत राहिले. मग ओट्याजवळ जाऊन बसले.

"महाराज… एकादशी?"

महाराज चावत होते.

"आणि दुपारी तर आपण आमटी-भात जेवलो! तुम्ही माझ्या शेजारीच होता. एकादशी कुणाची होती मग?"

"तुमची," महाराज म्हणाले, आणि बोटाला लागलेलं तूप चाटलं.

टिपणीस ह्यावर विचार करत होते, इतक्यात सगळ्या माना दाराकडे वळल्या.

शोभा दारातून आत आली होती.

ती सरळ चालत आक्कासमोर आली. उभी राहिली. एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा आक्काच्या हातांकडे. ते हात लाडवाने तुपकट झाले होते. आक्काने ते घाईघाईने लुगड्याला पुसले आणि मांडीवर उताणे ठेवले. मागितलं काही नाही. नुसते ठेवले.

शोभाने वाकून पोर त्या हातांत दिली. टोपडं सारखं केलं. क्षणभर तिचा हात पोरीच्या पोटावरच राहिला… मग तिने तोही काढून घेतला.

आक्काने पोर छातीशी धरली.

टिपणिसांना मात्र राहवेना. त्यांचा जन्म उत्तरं देण्यात गेला होता. ते अर्धवट उठले, यंत्र वर केलं, आणि म्हणाले, "ताई, अगदी निर्धास्त राहा. कारण बाहेरून दिलेल्या शेकामध्ये—"

महाराजांनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं.

"त्यांनी काही विचारलेलं नाही, डॉक्टर."

शोभा वळली, दाराशी गेली, चपला घातल्या, आणि मागे न बघता घराकडे चालायला लागली.