डावी पाकळी

“...तर मग हाताशी आलेला डाव माणूस असा सोडून का देईल, बाबा? तेवढं तरी सांगा!”

एवढे बोलून गंगाराम मांडवकर देवळाच्या ओट्यावर टेकला. टेकडीच्या पायऱ्या चढून त्याला धाप लागली होती. पण धाप लागण्याच्या आधीपासून तो बोलतच होता.

समोर मौनीबाबा झाप विणत बसले होते. नारळाची हिरवी पाती एकाखालून एक, एकावरून एक सरकत होती. पाऊस जवळ आला की देवळामागच्या आपल्या खोपीवर ते स्वतःच्या हातचे झाप घालीत.

नाव मौनीबाबा, पण मौन त्यांनी कधी पाळले नव्हते. समोरचा बोलत असला की ते मध्ये तोंड घालीत नसत, इतकेच. खाडीकाठच्या लोकांना हे एवढे अपूर्व वाटले की त्यांनी त्यालाच मौन ठरवून टाकले.

“कोण डाव सोडून देतो?” बाबांनी विचारले.

“दौलत! दौलत गोरिवले. आणखी कोण?”

दौलत हा पालवाडीच्या कबड्डी संघाचा कप्तान. भातकापणी उरकून मैदाने आखली गेली तेव्हापासून त्याचा संघ हरत होता. शिमग्यात हरला. रामनवमीच्या जत्रेत हरला. ज्या वाडीने गेल्याच साली संघ उभा केला, तिच्याकडूनही हरला. आता वैशाख सरत आला होता आणि हंगामाचा एकच सामना उरला होता. तो आज दिवे लागायच्या आत, खाडीपलीकडच्या बंदरवाडीच्या जत्रेत व्हायचा होता. त्यानंतर पाऊस, मग मैदानात चिखल आणि लोकांच्या तोंडी शेती.

गंगारामने आयुष्यात एकही चढाई केली नव्हती. पण पालवाडीचा एकही सामना त्याने चुकवला नव्हता. गावच्या मैदानातली मूठभर माती फडक्यात बांधून परक्या मैदानावर नेण्याचा आणि खेळापूर्वी तिथे टाकण्याचा मान त्याचा. इतकी वर्षे तो ‘आपण जिंकलो’ म्हणत आला होता. या हंगामात त्याला ‘ते हरले’ म्हणायला शिकावे लागले.

आरंभी त्याला पंचाचा संशय आला. मग परक्या मैदानाच्या उताराचा. मग संघातल्या नव्या पोरांचा. ऊन तापत गेले तसा संशय बाहेरून आत येत गेला, आणि शेवटी दौलतपाशी येऊन ठाण मांडून बसला.

“पुरावा?” बाबांनी विचारले.

“एक का आहे! होळीला हा बंदरवाडीत जेवला. आणि पुढच्याच सामन्यात त्यांच्याकडूनच हरला.”

“काय होतं जेवायला?”

“ते... ते कशाला हवंय?”

“पुरणपोळी दाबून झाली असेल, तर हरायला तेवढं पुरे.”

“थट्टा नको, बाबा. त्याची लाथ आठवते ना तुम्हाला?”

बाबांनी मान हलवली. ती लाथ सगळ्यांनाच आठवत होती. चढाईला गेलेला दौलत पाठ फिरवून निघाला असे वाटायचे, आणि त्याच क्षणी गर्रकन वळून कोपऱ्यातल्या गड्याला तो मागच्या मागे लाथ लावायचा. बाद झालेल्यालाही आपण बाद कसे झालो ते घरी गेल्यावर समजायचे.

“या हंगामात एकदा मारली नाही त्यानं. एकदासुद्धा! हात पुढे करतो, शिवल्यासारखं करतो आणि माघारी येतो. समोर गडी बाद व्हायला उभा आहे, आणि हा माघारी! कुणी बांधून घातल्याशिवाय खेळतो का माणूस असा?”

“कुणी बांधून घातल्याशिवाय...” बाबा म्हणाले. “हं.”

“आणि आत्ता! आत्ता पायऱ्यांवर कोण भेटलं मला? तोच. मला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. अंग आडवं करून, भिंतीला हात लावून, एक पाय ताठ ठेवून, चोरासारखा एकेक पायरी उतरत होता. ज्याच्या पोटात पाप नाही, तो सरळ उतरेल की नाही?”

झाप विणणारे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

गंगारामचे डोळे बारीक झाले. “इथं कशाला आला होता तो?”

“विचारायला.”

“काय?”

“आज सामन्याला गंगाराम येणार ना, म्हणून.”

“बघा! माझ्यावर पाळत ठेवतोय!”

गंगाराम मुद्द्यावर आला. काल गावकी बसली होती, आणि त्यानेच ती बसवली होती. दौलतने संघ विकला की नाही, याचा देवीला कौल लावायचे ठरले. गुरवाने सकाळीच कौल लावला. डावी पाकळी पडली, म्हणजे नाही.

“पण गुरवाची बहीण गोरिवल्यांच्या वाडीत दिलेली आहे,” गंगाराम म्हणाला. “आता बोला!”

“मग?”

“मग मी उठलो. म्हटलं, हा कौल मला मान्य नाही. कौल लागेल तर मौनीबाबांच्या हातानं. भांडभांड भांडलो, तेव्हा कुठे तयार झाली गावकी. उजवी पडली तर मी घंटा वाजवायची. खाली मैदानावर सगळे जमलेत. घंटा ऐकली की दौलतच्या अंगातून संघाची बनियन उतरवायची. आज खेळणं नाही, पुढे कधी नाही. आणि देवीच्या मांडवात त्याला बसायला जागा नाही.”

“त्याला माहीत आहे हे?”

“समोरच तर बसला होता. एक शब्द बोलला नाही. खरा असता तर बोलला नसता?”

“आणि घंटा वाजली नाही तर?”

“तर खेळेल. पण वाजेल.”

बाबांनी झाप बाजूला ठेवला. उठताना गुडघ्यावर हात टेकला. ओट्याच्या कडेला जास्वंद होती. तिचे एक फूल त्यांनी खुडले, दोन पाकळ्या वेगळ्या करून तांब्यातल्या पाण्यात टाकल्या, आणि ते गाभाऱ्यात गेले.

पालजाईला मुखवटा नाही. उभा काळा दगड, तेलाने गुळगुळीत झालेला, हीच देवी. दगडाच्या दोन अंगांना दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी गळाली तर होय, डावी गळाली तर नाही. प्रश्न माणसाचा असतो, उत्तर देवाचे असते. आणि पाकळी लावणारा हात मात्र तिसऱ्याचाच असावा, असा संकेत आहे. तो का, हे कुणी सांगत नाही. जुन्या संकेतांची कारणे बहुधा ते मोडल्यावरच कळतात.

“लावू?” बाबांनी विचारले. त्यांच्या बोटांतून पाणी ठिबकत होते.

गंगारामने त्या बोटांकडे पाहिले.

दौलत आत्ताच इथून गेला होता. नुसते एवढे विचारायला माणूस एवढी टेकडी चढतो? की आणखी काही बोलणे झाले होते? बाबाही शेवटी माणूसच... आणि झाप विणता विणता ते मघाशी थांबले का?

“नको,” तो म्हणाला. “मीच लावतो.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिले. मग तांब्या त्याच्यापुढे धरला.

गंगारामने डावी पाकळी लावली, मग उजवी. हात जोडले. डोळे मात्र मिटले नाहीत; देवीसमोरही त्याला आज ते मिटवेनात.

“आई, दौलतनं गावाचा संघ विकला असेल तर उजवी दे.”

गाभाऱ्यात गारवा होता. दगडावरून पाण्याचा एक ओघळ खाली आला. बाबा दाराशी उभे होते. ते दगडाकडे पाहत नव्हते.

उजव्या पाकळीची कड सुटली. ती जराशी कलली...

गंगारामच्या छातीत काहीतरी उसळले. देवाला नवस करताना होते तसे नव्हे. दौलतची लाथ बसून कोपऱ्यातला गडी भुईवर यायचा, तेव्हा व्हायचे तसे.

पाकळी पडली.

“उजवी! बाबा, उजवी! म्हटलं नव्हतं मी?”

तो गाभाऱ्यातून बाहेर धावला. घंटेचा दोर त्याच्या हातात आला. खाली, माडांच्या पलीकडे, मैदान दिसत होते. माणसे बाहुल्यांएवढी होती. एक जण सगळ्यांपासून दूर, बांधावर एकटा बसला होता, एक पाय लांब सोडून.

“गंगाराम.”

“काय बाबा?”

“डावी वर राहिली. ती सोडवून देवीच्या पायाशी ठेवायची, मग घंटा. रीत आहे ना?”

रीत होती. गंगारामने दोर सोडला आणि तो आत गेला.

त्याने डावी पाकळी चिमटीत धरली. ती आली नाही.

त्याने नख लावले. पाकळीचा एक तुकडा निघाला, उरलेली दगडाला लिंपल्यासारखी बसली होती. तो खरवडू लागला. लाल चोथा नखात गेला. उजवी पाकळी खाली पडलेली होती. अख्खी, एक सुरकुतीही नसलेली.

गंगाराम थांबला.

त्याने आपला अंगठा पाहिला. अंगठ्याच्या पेरावर जांभळट लाल डाग होता. तो आत्ताचा नव्हता. कडेने वाळू लागला होता.

“...तिथं दगड खडबडीत आहे,” तो म्हणाला.

बाबा दाराशीच उभे होते.

“पाकळी ओली जास्त होती.” त्याने अंगठा पुसला; डाग गेला नाही.

“मी मुद्दाम नाही दाबली, बाबा. देवीशपथ. मला कळलंसुद्धा नाही.”

“ते खरं आहे,” बाबा म्हणाले.

गंगारामला वाटले होते, ते रागावतील. ते रागावले असते तर त्याला बरे वाटले असते.

खालून ढोल वाजला. संघ निघायच्या तयारीत होता. ढोल एकदा वाजून थांबला. लोक टेकडीकडे कान लावून उभे असणार.

बाबा उंबऱ्यावर बसले.

“गंगाराम, विकला गेलेला दौलत तुला सोसेल?”

“सोसेल.”

उत्तर इतके चटकन आले की तो स्वतःच दचकला.

“आणि न विकलेला?”

गंगारामच्या डोळ्यांसमोर हंगामातला एकेक सामना येऊ लागला. एकेक चढाई. दौलत जातो, हात पुढे करतो, वळायला लागतो... आणि वळत नाही. प्रत्येक वेळी तिथेच. पंच तोच असो की नवा, मैदान गावचे असो की परके, थांबण्याची जागा तीच. पैसे खाल्लेला माणूस निदान एखाद्या वेळी तरी दाखवायला म्हणून वळला असता.

हा विचार त्याने हाताने माशी हाकलावी तसा हाकलला. तो पुन्हा येऊन बसला.

“मग सांगत का नाही तो?” गंगाराम म्हणाला. आवाज चढला होता, पण त्यातला जोर गेला होता. “गावकीत गप्प का बसला? गाव त्याला चोर म्हणतंय, आणि हा...”

“कुणी म्हटलं चोर?”

गंगारामने खाली पाहिले.

“मी,” तो म्हणाला.

“तू इतकी वर्षं काय म्हणत होतास त्याला?”

मैदानाच्या दोरीमागून गंगाराम काय ओरडायचा, ते टेकडीवर बसलेल्या बाबांनाही ऐकू येत असे. ‘माझा वाघ!’ पंचाच्या शिट्टीवरही तो आवाज चढत असे. लोक हसत, दौलतही हसे, आणि चढाईला निघताना एकदा दोरीकडे बघे.

हंगाम सुरू झाल्यापासून दोरीमागून तो आवाज आला नव्हता.

खाली पुन्हा ढोल वाजला. या वेळी तो थांबला नाही.

“घंटा...” गंगाराम म्हणाला.

“दोर तिथंच आहे.”

तो दोराकडे गेला नाही. त्याने नखात अडकलेला पाकळीचा चोथा काढला, चुरगळलेले सगळे तुकडे गोळा केले आणि देवीच्या पायाशी ठेवले. मग उजवी पाकळी उचलून शेजारी ठेवली. वाकताना त्याच्या कनवटीचे फडके सुटून उंबऱ्यावर पडले. गावच्या मैदानातली माती थोडी सांडली.

बाबांनी ती बोटांनी गोळा केली. फडक्याला गाठ मारली. गंगारामचा लाल अंगठ्याचा हात ओढून घेतला, त्यात ते फडके ठेवले आणि बोटे मिटवली.

“बाबा,” गंगाराम म्हणाला. आल्यापासून पहिल्यांदाच त्याने असे विचारले, की उत्तर त्याला आधी ठाऊक नव्हते. “तो लाथ का मारत नाही?”

बाबांनी अर्धवट राहिलेला झाप पुन्हा पुढ्यात ओढला. एक पाते वर घेतले. हनुवटीने पायऱ्यांकडे खूण केली.

“उतर,” ते म्हणाले. “पण तो उतरला, तसा उतर.”