रूणासरचे नऊ लोखंडी करकोचे

रूणासरला बसमधून उतरले की आधी दिसतात ते नऊ लोखंडी पक्षी. वाळवंटातले हे गाव लहानसे. एक रस्ता, एक तळे, आणि चौकापासून तळ्यापर्यंत विजेच्या तारांखाली रांगेने उभे असलेले हे पक्षी. एकाचे पोट तुपाच्या डब्याचे, दुसऱ्याची मान सायकलच्या साखळीची, तिसऱ्याचे पंख म्हणजे फुटक्या बादलीचे पत्रे. पाहुण्यांना हसू येते. लोक त्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात. त्यांना तळ्यावर नेणारे खेतारामबाबा सत्तरीचे आहेत. ते आधी सगळ्यांना हसू देतात. हसणे ओसरले, की मराठी पाहुण्यांना म्हणतात, "हे घडवणारा तुमच्याच मुलखातला होता."

असे सांगतात, की गावात विजेच्या तारा नव्याने आल्या त्या हिवाळ्यात मिरजेचा मुकुंद तांबट इथे आला. घरी पिढ्यान्‌पिढ्या भांडी ठोकण्याचा धंदा; याने हातोडी टाकून कॅमेरा धरलेला. दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून हजारो कुरजा रूणासरच्या तळ्यावर उतरतात. कुरजा म्हणजे आपल्याकडचे कांड्या करकोचे. सुगनीबाई नावाची एकटी बाई त्यांना रोज सकाळी ज्वारी टाकी. तिने मुकुंदला ओसरीत जागा दिली, बाजरीची भाकरी दिली. तो तिला मावशी म्हणू लागला. तिने त्याला एकच गोष्ट बजावली.

"पाणी पिऊन झालं की त्या आपणहून उठतात. तोवर उठवायच्या नाहीत."

आठ दिवस तो काठावर बसून राहिला. कुरजा उठत त्या चार-चार, दहा-दहाने. त्याला हवे होते एकदम भरलेले आभाळ. नवव्या सकाळी तळ्यावर धुके होते आणि वर कोवळे ऊन. सुगनीबाई दाणे टाकून घरी वळली. मुकुंदने आसपास पाहिले, एक रिकामा डबा उचलला आणि दगडाने बडवला.

सगळा थवा एकदम उठला. त्याने बटण दाबले. मग पाठीमागे तारा झणझणल्या. धुक्यातून तो तिकडे धावला, तर तारांखाली नऊ कुरजा पडलेल्या.

गाव जमले. सुगनीबाई जमिनीवर बसली आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागली. "रोज मी पलीकडच्या काठाला दाणे टाकते. आज गुडघे दुखले म्हणून इथे तारांपाशीच टाकले. माझ्या आळसानं गेल्या गं बाई."

मुकुंद तिथेच उभा होता. त्याने खड्डा खणला, एकेक कुरजा उचलून आत ठेवली. सांगू, जरा वेळाने सांगू, असे म्हणता म्हणता दुपारची बस आली आणि तो बसला.

त्या फोटोला मोठे बक्षीस मिळाले म्हणे. लोक विचारत, "सगळे एकदम कसे हो उठले?" तो म्हणे, "नशीब." पण पुढे पुढे तो शब्द उच्चारताना त्याची जीभ अडखळू लागली. जेवायला बसले, की बाजरीची भाकरी आठवे आणि तो ताटावरून उठे.

पुढच्या हिवाळ्यात तो परत आला. सुगनीबाईने वर्षभर दाण्यांना हात लावला नव्हता. शेजारणी टाकत, ही तळ्याकडे पाठ करून दारात बसे. त्याला पाहून तिने ताट वाढले. मुकुंदने ते बाजूला सरकवले.

"मावशी, डबा मी वाजवला."

तिला आधी कळेचना. त्याने सगळे सांगितले. तिने आपले तळवे उलटसुलट करून पाहिले.

"वर्षभर मला हे हात तोडून टाकावेसे वाटत होते," ती म्हणाली. "आणि तुला ठाऊक होतं."

तिने ताट उचलून आत नेले. सकाळी मात्र उठली, ज्वारीची टोपली घेतली आणि वर्षाने तळ्यावर गेली. मुकुंद मागोमाग निघाला. तिने त्याला ये म्हटले नाही, जा म्हटले नाही.

तो गावातच राहिला. घरोघरचे मोडके लोखंड मागून आणले, हातोडी पुन्हा हाती घेतली आणि मेलेल्या प्रत्येक कुरजेमागे एक पक्षी उभा केला. उन्हात हे चमकले, की खऱ्या कुरजा तारांवरून उंच वळसा घेतात, असे गाव मानते. सुगनीबाईने त्याला माफ केले की नाही, हे कुणीच सांगत नाही. नववा पक्षी उभा राहिला तेव्हा ती आली, विळ्याच्या चोचीवर बोट फिरवले आणि म्हणाली, "धार काढून टाक. कुणाला लागेल."

आजही तळ्यावरून कॅमेरा घेऊन परतणाऱ्याला चौकात कुणीतरी अडवते. विचारते, "उठवल्या नाहीत ना?" नाही म्हणणारा पुढे जातो. जो मान खाली घालतो, त्याला कुणी बोल लावत नाही. त्याच्या ओंजळीत ज्वारी देतात आणि उद्या सकाळी टाकायला ये म्हणतात.

मुकुंद तांबट थकला, काठी टेकू लागला, तरी त्यालाही हा प्रश्न रोज विचारत. तो काठी बाजूला ठेवी आणि ओंजळ पुढे करी.