शंख आणि फडकं

एकदा एका बेटावर एक वृद्ध टेहळ्या राहत असे. थंडी पडू लागली की देवमासे पिलं घेऊन बेटाजवळून जात. कड्यावर बसून त्यांचा पहिला फवारा हेरायचा आणि शंख फुंकायचा, एवढंच त्याचं काम. शंख वाजला की पिलं अडकू नयेत म्हणून कोळी जाळी वर ओढत, होड्या किनाऱ्याला लावत आणि सारं बेट कड्यावर धावे. पिलू दिसलं की वर्षभर अबोला धरलेली माणसंही एकमेकांना हाताला धरून दाखवत. मात्र शंखाचा मान एकट्या टेहळ्याचा. दुसऱ्या कुणाच्या ओरडण्याने एकही जाळं हलत नसे.

गेल्या हंगामात त्याची तरुण शिष्या ओरडली होती, "आजोबा, फवारा!"

"लाट आहे ती. गप्प बस."

संध्याकाळी जाळ्यात गुरफटलेलं पिलू मेलेलंच वर आलं. आई दोन दिवस बेटाभोवती फिरत राहिली. शिष्या पेंगत होती, असं गावाने ठरवलं. म्हाताऱ्याने ते ठरू दिलं.

या वर्षी हंगामाच्या पहिल्या सकाळी नारळ वाहायला सगळे कड्यावर जमले. म्हाताऱ्याने शंख शिष्येच्या हातात दिला आणि स्वतःच्या डोळ्यांवर फडकं बांधलं.

"काय तात्या, आंधळी कोशिंबीर खेळताय होय?" एक कोळीण म्हणाली. लोक हसले.

"तीन वर्षं खेळतोय," म्हातारा म्हणाला. "मला होडी आणि खडक यांतला फरक कळत नाही. मी अंदाजाने फुंकायचो, तुम्ही त्याला अनुभव म्हणायचात. गेल्या वर्षी हिला फवारा दिसला होता. मला दिसला नाही, म्हणून मी त्याची लाट केली. फडकं नसलं तर उद्या मी पुन्हा दिसल्याचं सोंग करीन. आजपासून शंख हिचा."

आता ती पाया पडेल, असं सगळ्यांना वाटलं.

"पिलू मेलं तेव्हा का नाही बोललात?" तिने विचारलं.

"मान गेला असता."

"आणि माझा गेला तो?"

म्हाताऱ्याने फडक्याची गाठ आणखी घट्ट केली.

तिसऱ्या दिवशी दूर पाण्यावर पांढरा फवारा उडाला. तिने शंख फुंकला. क्षणभर एकही होडी हलली नाही. मग तीच कोळीण खालून गरजली, "बघत काय बसलात? ओढा जाळी!"

जाळी वर आली. कडा माणसांनी भरला. समोर एक काळी पाठ संथपणे वर आली आणि बुडाली.

"पिलू आहे का गं?" फडक्याआडून म्हाताऱ्याने विचारलं.

तिने त्याला थांबायला लावलं. पाठ पुन्हा वर येईपर्यंत तिने पाण्यावरची नजर हलवली नाही.

"आहे. आईच्या डाव्या अंगाला."

म्हाताऱ्याने हात जोडले. दिशा चुकली होती. तिने खांद्याला धरून त्याला समुद्राकडे वळवलं.

ज्यांची नजर गेली आहे, त्यांनी शंख खाली ठेवावा. पण पिलू मरायच्या आधी.