विहिरीतली चांगुणा

विहिरी आपण होऊन बोलायच्या, त्या काळची गोष्ट. चांगुणा सायाळ आणि तिचा नवरा भिवबा जवळ आले की एकमेकांचे काटे टोचायचे. म्हणून चांगुणा काय ते विहिरीला सांगून ठेवायची आणि विहीर तिच्याच आवाजात भिवबाला ऐकवायची. हळूहळू विहीर न सांगताही तिच्यासारखं बोलायला लागली. चांगुणाला बरंच झालं, ती महिनाभर माहेरी जाऊन राहिली.

परतली तेव्हा भिवबा विहिरीच्या काठावर खुदुखुदु हसत होता.

"अहो, मी आले!"

"कोण तुम्ही?"

"असं काय करता? मी चांगुणा!" म्हणत तिनं त्याला मिठीच मारली.

"आई गं!" भिवबा कळवळला. "माझी चांगुणा कधी टोचत नाही."

तेवढ्यात विहिरीतून चांगुणाचाच आवाज आला, "अहो, कोण आलंय?"

"कुणी नाही गं, कुणीतरी वाट चुकलेली बाई."

"बिचारी. जेवून जा म्हणावं तिला."