सांड्याचं कुळ

सांगा बुवा, एक साक्षीदार भारी बोलका आणि दुसऱ्याला वाचाच नाही, तर भरवसा कुणावर ठेवाल? आम्हा व्यापाऱ्यांना हे कोडं रोजचं. फार ओरडून विकला जातो तो माल बहुधा हलकाच असतो.

मरुदेशावर भद्रसेनाचं राज्य होतं, त्या काळी बोधिसत्त्व सार्थवाह होते, म्हणजे व्यापारी तांड्याचे पुढारी. एका पहाटे तळावर नंदुक उंटवाल्याचं उंटाचं पिल्लू मरून पडलेलं दिसलं. पायावर दंशाची खूण होती. भोवती वाळूत सांड्यांची, म्हणजे तेलासाठी मारल्या जाणाऱ्या काटेरी शेपटीच्या प्राण्यांची, बिळं.

तांड्यातला कटाह तेलवाला लगेच गरजला, "घोरपडीची अवलाद ही, विषारी! खणा, मारा. चरबी तेवढी मला द्या." मग सार्थवाहाच्या कानाशी लागून पुटपुटला, "तेलात निम्मा वाटा तुमचा, स्वामी."

नंदुकाने कुदळ उचललीच होती. "आज पिल्लू गेलं, उद्या माझं लेकरू जाईल. अडवू नका, स्वामी."

"अडवत नाही रे. पण आधी पारख, मग शिक्षा."

बोधिसत्त्वांनी बिळं दाखवली. सांडा सांजावताच दार आतून मातीने बुजवतो आणि ऊन तापल्यावरच उघडतो. एकही दार उघडलेलं नव्हतं.

कटाह हटेना. "घोरपडच ती! जीभ बघा, सापासारखी दुभंगलेली."

"तू पाहिलीस?"

"चरबी काढायची की जिभा बघत बसायचं?"

लोक हसले. ऊन चढलं, तसा एक सांडा बाहेर आला. बोधिसत्त्वांनी त्याला हलकेच धरून जबडा उघडला. जीभ जाड, अखंड. दातांत गवताचा चोथा. "शेपटी काटेरी असली तरी हा सरड्याच्या कुळातला, घोरपडीच्या नव्हे. विष नाही, मांसाची हाव नाही. सोडतो याला."

नंदुकाची कुदळ खाली आली. "मग चावलं कोण?"

"पिल्लू बांधलं कुठे होतंस?"

"पलाणापाशी..." नंदुक बोलता बोलता तिकडे वळला. त्याच पलाणाच्या, उतरवून ठेवलेल्या खोगिराच्या, सावलीत बायकोने तान्ह्याला निजवलं होतं. तो धावला, पोर उचललं. काठीने पलाण उलटलं, तर खाली फुरसं! अंग अंगावर घासत करकरत होतं. बोधिसत्त्वांनी तेही मारू दिलं नाही. काठीवर घेऊन दूर वाळूत सोडलं.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, जेतवनात म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कटाह म्हणजे आज न पाहता सोबत्यावर दोष ठेवणारा हा भिक्षू. नंदुक म्हणजे आपला आनंद भिक्षू. सार्थवाह मीच होतो." त्या जन्मी बोधिसत्त्वांनी प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची पराकाष्ठा, पाळली, आणि तिच्या पोटी करुणाही.

तेव्हा मंडळी, एवढं माझं ऐका, आपला हिशेब चोख ठेवा. पाहिलेलं पाहिल्याच्या खाती मांडा, ऐकलेलं ऐकल्याच्या. या दोन रकमांची बेरीज कधी करू नका.