फक्त ज्वारीचं जातं

एका गावात एक पाथरवट होता. त्याने घडवलेल्या जात्यातून पीठ कसं मऊसूत पडे! पण माणूस भारी हेकट. जातं विकताना बजावायचा, "यावर फक्त ज्वारी दळायची. गव्हाला वेगळं जातं घ्या, उडदाला वेगळं. नाहीतर जातं फिरवायचा खुंटाच काढून नेईन." दुसरा खुंटा घालावा तर भोकच असं तिरकं पाडलेलं, की त्याच्याच हातचा खुंटा बसावा.

त्याच गावात एक पापडवाली होती. तिचं पोटच पापडांवर. तिनेही पाथरवटाकडून एक जातं घेतलं आणि वर्षभर त्यावर गुपचूप उडीद दळले. कुणकुण लागताच एक दिवस पाथरवट दारात हजर.

"उडीद दळलेत ना?"

"माझ्या जात्यावर माझे उडीद दळले, दादा."

"जातं मी घडवलंय!" म्हणत त्याने खुंटा उपटला आणि चालता झाला.

बिचारी उखळात डाळ कुटू लागली. दंड भरून यायचे आणि पापड जेमतेम निम्मे व्हायचे.

पुढे पाथरवटाच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नाआधी पाच सवाष्णींनी जात्यावर हळद दळायची, ही गावाची रीत. पण या शहाण्याने घरचं रुळलेलं जातंही विकून टाकलं होतं! उरली ती सगळी कोरी, आणि कोऱ्या जात्यातून दळणात दगडाची कच पडते. लेकीला ती कच लावायची?

तो घरोघर फिरला. जिथे तिथे बायका हसून म्हणत, "आमचं ज्वारीचं हो! तुम्हीच सांगितलंय ना?"

शेवटी हातात खुंटा घेऊन तो पापडवालीकडे आला. मागोमाग अर्धं गाव मजा बघायला.

"ताई, लेकीची हळद अडलीय."

"लेकीची हळद मी अडवणार नाही. पण आधी सांगा, हे जातं कुणाचं?"

पाथरवटाने खुंटा तिच्यापुढे धरला. "तुमचं."

"आणि गावातली बाकीची?"

"ज्याची त्याची. हवं ते दळा."

खुंटा बसला, पाच सवाष्णी नवरीला घेऊन जात्याशी बसल्या आणि पिवळीधमक हळद पडू लागली. पाथरवट ओशाळून कोपऱ्यात उभा होता.

पापडवाली म्हणाली, "दादा, लग्नाचे पापड माझ्याकडूनच घ्या बरं. भाजून खा नाहीतर तळून खा, माझी काही अट नाही!"

सगळ्यांत मोठ्याने हसली ती नवरी.

तात्पर्य: विकलं ते दिलं. दाम घेतल्यावर वस्तूवर हुकूम विकत घेणाऱ्याचा, घडवणाऱ्याचा नव्हे.