कोऱ्या वरसाची जोडी

त्या मुलखात गाड्याची शर्यत सोडून दुसरं काहीच खरं नव्हतं. पीकपानी हुतं, रोगराई हुती, लग्नं हुती, मयती हुत्या. पर ते समदं दोन शर्यतींच्या मधी उरलेल्या येळात उरकायचं.

पळायचं बैलांनी. बाकीच्यांनी पळायच्या पट्टीच्या बांधावर बसून वरडायचं. बांधावर पयला मान गजाबा रेड्याचा. गजाबा जन्मात कवा पळाला नव्हता, चिखलातनं उठायचा त्यो बांधावर बसायलाच. जोडी जिकली की म्हनायचा, "मारली का न्हाई आपन?" जोडी हरली की म्हनायचा, "हरली बैलं."

बैलानं चार हंगाम पळायचं, असा नेम. हंगामाच्या पयल्या दिवशी वानरं तापल्या सळईनं शिंगावर एक कडं उठवायची. चार कडी झाली आन् चौथा हंगाम सरला, की जोडी नावंत घालून नदीच्या पल्याड सोडायची. तिथं कुरन हुतं, पानी हुतं. आन् तिथं बांध नव्हता. मधीच एखादा बैल मेला तर त्याची हाडं माळावर टाकायची. पर चौथं कडं शिंगावर घेऊन मेला, तर हंगाम सरल्यावर हाडंबी नावंत घालायची. तेवढा मान मेलेल्याला हुता.

आन् वरीस बैलाचं नसायचं, जुवाचं असायचं. एका जुवाखालच्या दोघांचं एकच वरीस. एकाचं धरलं, म्हंजे मोजलं, तर दुसऱ्याचंबी धरलं. चार वर्सं हुईपतुर जोडी मोडायची न्हाई, मोडली तर मरनानंच.

आनखी एक नेम हुता. हंगामाच्या सुरवातीलाच जोडी जायबंदी झाली तर ते वरीस कोरं धरता यायचं. शिंगावरचं कडं साळून काढायचं, वरीस झालंच न्हाई म्हनायचं, आन् पुढच्या साली तेच वरीस नव्यानं पळायचं. हा नेम बैलांची दया येऊन केला म्हनत्यात. दया कुनाला आली ते मातर कुनी सांगत न्हाई.

कोसा आन् बाणा ही त्या मुलखातली नावाजलेली जोडी. कोसा डावीकडं, बाणा उजवीकडं. खोंड हुते तवापास्नं एकाच जुवाखाली. चौथ्या हंगामातल्या दुसऱ्याच शर्यतीला चाकाखाली दगड आला आन् गाडा उलथला. बाणाची मान जुवात मुरगाळली, त्यो जागच्या जागी गेला. कोशाचा म्होरला पाय मोडला. वानरांनी जू सोडंपतुर कोसा मेलेल्याच्या शेजारी, त्याच जुवाखाली पडून हुता. वानरांना यायला येळ लागला. कारन गाडा शेवटाच्या रेघंच्या अलीकडं पडला का पलीकडं, ह्याच्यावर बांधावर भांडान पेटलं हुतं आन् वानरं ते ऐकत हुती.

त्याच सांजेला दुसरी गोष्ट निघाली.

"वरीस कोरं धरायचं," गजाबा म्हनाला. "पाय काय, जुळंल. पुढल्या साली कोसा परत पट्टीवर. ह्यो वाघ अजून एक हंगाम आपल्याला पायजे."

त्याच्या बाजूला इरगोंडा मेंढा बसलेला असायचा. समदे नेम त्याला तोंडपाठ. अर्थ इचारला की मातर डोकं मारायचा. "बसतंय," इरगोंडा म्हनाला. "दोनच शर्यती झाल्यात. नेमात बसतंय."

"आन् बाणाचं काय?" सुंद्रा शेळी म्हनाली. म्हातारी झाली हुती, दात पडलं हुतं, पर शर्यत एक चुकवायची न्हाई. "वरीस धरलं तर चौथं हाय. दोघंबी पल्याड जात्याल, एक लंगडत, एक हाडं हून. कोरं केलं तर बाणा माळावरच की."

"मेलेल्याला कुरन कशाला, सुंद्रे?" गजाबा हसला. "दात हायत का त्याला? तुला तरी हायत का?"

बांध खदाखदा हसला. सुंद्राबी हसली. बांधावर बसल्यावर हसावंच लागतं.

दिस गेलं. गोठ्यात कोशाचा पाय येडावाकडा सांधत हुता आन् बांधावर रोज तीच बात चालू हुती. कोन म्हनायचा हाड बसलं, कोन म्हनायचा बसलं न्हाई. कोंबड्यानं तर गोठ्याच्या कौलावर बसायचं धरलं. कोशानं पाय टेकला की आरवायचा, उचलला की गप. पाय हुता एका बैलाचा, आन् ठनकत हुता समद्या मुलखाला. पर कोशापाशी जाऊन, बाबा तुला काय पायजे, असं इचारायचं कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. शेवटी सुंद्रा गेली.

कोसा गव्हानीच्या डाव्या अंगाला हुबा हुता. समदी गव्हान मोकळी, पर ह्यो आपला अर्ध्यातच तोंड घालायचा. अर्धी वैरन शिवायचा न्हाई.

"आरं, इकडचं बी खा की," सुंद्रा म्हनाली.

"ते माजं न्हाई, मावशे."

सुंद्रानं उरलेल्या अर्ध्या वैरनीकडं बघितलं. मंग म्हनाली, "बांधावर तुज्या वरसाचं चाललंय. तुजं काय म्हननं हाय?"

"वरीस धरा म्हनावं," कोसा म्हनाला. "मला आनखी पळायचं न्हाई म्हनून न्हाई. तीन पायांवर पळीन मी. पर त्या वरसात बाणा मेलाय. वरीस धरलं तर त्यो सुटंल. न्हाई धरलं तर त्यानं जायचं कुठं?"

सुंद्रानं हे बांधावर येऊन सांगितलं. गजाबाच्या डोळ्यात पानी आलं. खरंच आलं. "बघा," त्यो म्हनाला, "बघा कसलं काळीज हाय. आन् असला बैल तुमी घालवायला निघालाय?"

झालं. जे चार जन वरीस धरा म्हनत हुते, तेबी फिरले.

निवाडा पंचानं करायचा. पंच म्हंजे बगळा. पांढराशिप्पत. चिखलात हुबा ऱ्हायचा आन् अंगाला ठिपका नसायचा. गुरांच्या पाठीवर बसून गोचिड्या खायच्या आन् त्याच्यावर जगायचं, तरी त्यो कुनाचाच न्हाई असं समदे मानत. कोशाला पट्टीवर आनलं. पंचानं एक पाय पोटाशी घेतला, डोळे मिटले, आन् समद्यांचा गलका ऐकून घेतला.

"कोशा," पंच म्हनाला, "तुला काय सांगायचंय?"

"बाणा मेलाय," कोसा म्हनाला. "माज्या शेजारी मेलाय. ते वरीस झालं न्हाई असं म्हनू नगा."

"दुखन्यात हाय त्यो," गजाबा वरडला. "त्याचं बरंवाईट त्याला कळंना. आपन हाय की त्याचे!"

"हाय की!" बांध वरडला.

पंचानं डोळे उघडले. "वरीस कोरं," त्यो म्हनाला, आन् उडून गेला.

वानरानं कानस आनली आन् कोशाच्या शिंगावरचं चौथं कडं साळून काढलं. कोशानं मान हलवली न्हाई. मंग वानर माळावर गेलं, कारन वरीस जुवाचं, दोघांचंबी साळायला पायजे. बाणाची कवटी बाभळीखाली पडली हुती, उनापावसानं पांढरी पडलेली. वानरानं शिंग हातात धरलं आन् एकदम सोडलं. त्यानं परत धरलं, कसंबसं साळलं आन् पळत आलं. लई दिसांनी सुंद्रानं खोदून इचारलं तवा म्हनालं, "शिंग ऊन हुतं, मावशे. जित्या बैलाचं असतं तसं."

त्यानंतर गोठ्यात एक बदल झाला. कोसा अर्धीच वैरन खायचा, पर सकाळी बघावं तर उरलेली अर्धीबी संपलेली असायची. उंदरं खात असत्याल, असं समदे म्हनले. कोसा मातर आनखी जरा डावीकडं सरकून हुबा ऱ्हायला लागला.

नवा हंगाम आला. कोशाच्या शिंगावर परत चौथं कडं उठलं. पाय जुळला हुता, पर वाकडा. टेकायचा न्हाई, नुसता फरफटायचा. तरी बांध भरून सांडत हुता. वानरांनी एक तांबडा खोंड आनला, दांडगा, आन् कोशाच्या उजवीकडं जुवाखाली घालायला लागली.

"थांबा," पंच म्हनाला. "ह्यो कोन?"

"नवा जोडीदार," गजाबा म्हनाला.

"चार वर्सं हुईपतुर जोडी मोडता येत न्हाई. इरगोंडा, नेम हाय का न्हाई?"

"हाय," इरगोंड्याच्या तोंडातनं निघून गेलं. मंग त्यानं जीभ चावली.

"पर बाणा मेलाय की!" गजाबा वरडला.

"कवा?" पंचानं इचारलं.

समद्या बांधानं इरगोंड्याकडं बघितलं. गेल्या वरसात, असं म्हनावं तर ते वरीस ह्यांनीच पुसून टाकलं हुतं. वर्सभर घसा फोडून जे मिळवलं, ते आता ह्यांच्याच नरड्यात हाडूक हून बसलं. त्यावक्ती एकानं जरी म्हनलं असतं, बाबांनो चुकलं, धरा ते वरीस, तर अजून नाव हुती, नदी हुती. सुंद्राचं तोंड उघडलंबी हुतं. पर मागनं कुनीतरी म्हनलं, "म्हंजे शर्यतच न्हाई?" आन् त्या नुसत्या इचारानं समदा बांध उठून हुबा ऱ्हायला.

"न्हाई कशी?" गजाबा म्हनाला. "नेम म्हनतोय बाणा हाय, तर हाय. जुपा बाणाला!"

वानरांनी एकमेकांकडं बघितलं. मंग जू उचललं, डावं टोक कोशाच्या मानंवर ठेवलं, आन् उजवं टोक मोकळ्यावर ठेवून, डोळे मिटून हात काढले. जू कलंडायला पायजे हुतं. ते सरळ ऱ्हायलं.

तांबडा खोंड दावं तोडून पळाला. कोशानं मान वळवून उजवीकडं बघितलं आन् नाकानं वास घेतला. मंग तोंड म्होरं केलं. त्याच्या अंगावर काटा आला हुता, आन् डोळ्यातनं पानी गळत हुतं.

शर्यत सुटली. असला गाडा त्या मुलखात कुनी बघितला नव्हता. एक लंगडा बैल आन् अर्धं मोकळं जू, आन् चाकं भुईला लागत न्हाईत असा वेग. बांधानं कानठळ्या बसवल्या. गजाबा रडत हुता, "मारली! आपन मारली!" गाडा रेघंच्या पार गेला, आन् तिथं कोशाचा वाकडा पाय दुमडला. त्यो गुडघ्यावर आला आन् मंग कुशीवर पडला.

धुरळा बसला. सुंद्रा म्हातारी बांधावरनं उतरून पट्टीवर आली आन् मान खाली घालून चालायला लागली. डाव्या अंगाला तीन पायांचे खूर उमटले हुते आन् फरफटल्याली एक रेघ. उजव्या अंगाला चारी खूर हुते. खोल. समदं वझं त्यानंच वढलं असावं, असे खोल.

सुंद्रानं वर बघितलं. समदा बांध तिच्या मागं हुबा हुता आन् तेच बघत हुता.

मंग इरगोंडा मेंढा खाकरला.

"पयलीच शर्यत हाय," त्यो हळूच म्हनाला. "नेमात बसतंय."

"बसतंय ना?" गजाबा म्हनाला.

"बसतंय."

वानर कानस आनायला गेलं. दुसऱ्या वानरानं वाकून कोशाच्या मानंवरचं जू सोडलं. डावं टोक धप्पदिशी मातीत पडलं. उजवं टोक पडलं न्हाई. ते तसंच वर ऱ्हायलं, बैलाच्या मानंएवढ्या उंचीवर, आन् भाता चालावा तसं जरा वर जात हुतं, जरा खाली येत हुतं.